दोन म्हातारे, एक म्हातारी आणि ए-थ्री कागद

रेनेसाँ काळातल्या वृद्धांच्या तीन रेखाचित्रांच्या प्रती. आकार ए-थ्री, मॅट कागद, २३० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), फ्रेमशिवाय, तिन्हींचे मिळून २,४०० रुपये. पुठ्ठ्याची नळी दणकट होती, आत बटरपेपर होता, कोपरे दुमडलेले नव्हते आणि पार्सल सांगितलेल्या दिवशी आलं. इथपर्यंत पाच स्टार. पुढे जे लिहिते आहे ते चित्रांबद्दल, आणि तिथे स्टार भराभर गळायला लागतात. विक्रेत्याचं नाव देत नाही. अशी दुकानं आता ढिगाने आहेत, आणि या एकाला झोडपून काही साधणार नाही. प्रत घेताना नेमकं काय बघायचं हे कळलं तर कुठूनही घ्या.

संचातली चित्रं ही. पहिलं, जर्मन चित्रकार आल्ब्रेश्ट ड्यूररने १५२१ साली अँटवर्पमध्ये काढलेला त्र्याण्णव वर्षांचा म्हातारा. मूळ चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात. दुसरं, त्याच ड्यूररने १५१४ साली कोळशाने काढलेली स्वतःची आई. ते बर्लिनच्या कुप्फरश्टिशकाबिनेट या कागदचित्रांच्या संग्रहालयात. तिसरं, लिओनार्डो दा विंचीचं आत्मचित्र म्हणून जगभर फिरणारं लाल खडूतलं डोकं, साधारण १५१२ च्या आसपासचं. ते इटलीत तुरीनच्या बिब्लिओतेका रेआले या जुन्या राजग्रंथालयात. निवड ज्याने केली त्याला नजर आहे, हे कबूल. म्हातारपण आणि विचारात गढलेला चेहरा हे दोन्ही एकत्र बघायचं तर सुरुवात याच तिघांपासून करावी.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात आयुष्य गेलं. स्मरणचित्राच्या पेपरात म्हातारा काढायची वेळ आली की झाडून सगळी मुलं तोच म्हातारा काढतात: हातात काठी, पाठीला बाक, कापसाची दाढी, कपाळावर तीन आडव्या रेघा. चेहऱ्याकडे कुणी फिरकत नाही, कारण काठी काढली की परीक्षकाला कळतंच. यात मुलांचा दोष नाही. मोठमोठे लोक कॅलेंडरवर तेच करतात. ड्यूररच्या या कागदावर काठी नाही, बाक नाही, मागे झोपडी नाही. एक डोकं, एक टोपी, एक दाढी आणि कपाळाच्या कडेला टेकवलेला हात. बाकी काही नाही, आणि तरी त्या माणसाचं वय अंगावर येतं.

हा म्हातारा कोण होता ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. ड्यूररने मात्र कागदाच्या वरच्या अंगाला स्वतःच्या अक्षरात लिहिलंय की हा माणूस त्र्याण्णव वर्षांचा होता आणि अजून निरोगी, धडधाकट होता, अँटवर्पमध्ये. त्या काळात त्र्याण्णव! ड्यूरर तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. सम्राट मॅक्सिमिलियन १५१९ मध्ये वारला, त्याने लावून दिलेलं वर्षाचं मानधन नव्या सम्राटाकडून, पाचव्या चार्ल्सकडून, पुन्हा मंजूर करून घ्यायचं होतं, म्हणून हा बायकोला घेऊन १५२० च्या उन्हाळ्यात न्यूरेनबर्गहून नेदरलँड्सला निघाला आणि वर्षभर तिकडेच राहिला. पेन्शनच्या कागदासाठी खेपा घालणं पाचशे वर्षांपूर्वीही होतंच, हे वाचून मला जरा बरं वाटलं. प्रवासाची रोजनिशी त्याने ठेवली होती: कुठे काय खर्च झाला, कुणाला कुठलं चित्र भेट दिलं, सगळा हिशेब.

या म्हाताऱ्यावरून त्याने संत जेरोमचं तैलचित्र केलं आणि ते अँटवर्पमधल्या पोर्तुगीज व्यापारी ठाण्याच्या रॉद्रिगो फर्नांदेस द आल्मादा याला भेट दिलं. ते आज लिस्बनच्या संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. तैलचित्रात तोच म्हातारा, तीच दाढी, डोकं तसंच हातावर. पण डोळे वर उचललेत, थेट आपल्याकडे बघतोय, आणि दुसऱ्या हाताचं बोट समोरच्या कवटीवर. सांगायचं काय ते सांगून टाकलं: मरण आहे, विसरू नका. उत्तम चित्र आहे, पण कीर्तनकाराचं आहे. रेखाचित्रात कवटी नाही, पुस्तक नाही, आपणही नाही. पापण्या खाली उतरलेल्या, बुबुळं जवळजवळ झाकलेली. माणूस स्वतःशी आहे. कशाचा विचार करतोय हे ड्यूररने सांगितलेलं नाही आणि मला ते चित्रच जास्त आवडतं.

आता प्रतीकडे येते, कारण घोटाळा इथेच आहे.

मूळ चित्र पांढऱ्या कागदावर नाही. कागदाला आधी राखाडी-जांभळ्या रंगाचा एक थर देऊन तो वाळवलेला आहे. त्यावर कुंचल्याने काळी शाई, आणि जिथे उजेड पडतो तिथे पांढरा रंग. म्हणजे मधली छटा कागदच देतो. चित्रकार एका बाजूने काळोख आणतो, दुसऱ्या बाजूने उजेड. आपल्याकडे आर्ट स्कूलमध्ये करड्या कागदावर चारकोल आणि पांढरा खडू घेऊन अभ्यास करायला लावतात ना, त्याचीच ही थोरली पद्धत. यात पांढऱ्याला अतोनात महत्त्व असतं. काळ्याने आकार उभा राहतो. कातडी, ओल, डोळ्यावरचा पातळ पडदा हे सगळं पांढऱ्याने. या म्हाताऱ्याच्या दाढीत कुंचल्याच्या टोकाने ओढलेल्या पांढऱ्या वळणदार रेघा आहेत, प्रत्येक बट वेगळी ओळखू येते. नाकाच्या दांडीवर पांढरा आहे, गालाच्या हाडावर आहे, आणि पापण्यांवर आहे. पापणीवरचा तो पांढरा फार थोडा आहे, पण त्यानेच कळतं की पापणी सैल पडलेली नाही, तिच्याखाली डोळा जागा आहे.

विक्रेत्याने काय केलं? चित्र अंधारं दिसतं म्हणून उजळलं. जांभळट राखाडी जमीन, म्हणजे कागदावरचा तो रंगीत थर, पांढुरक्या राखेवर आली. जमीन वर आली की तिच्यातलं आणि पांढऱ्यातलं अंतर कमी होतं. दाढी धीट हाताने काढलेली असल्यामुळे ती टिकली. पापणीवरचा नाजूक उजेड आसपासच्या राखेत विरघळला. त्यात भर म्हणून कुठल्यातरी सॉफ्टवेअरने कडा धारदार केल्या आहेत. डोळ्याखालच्या बारीक आडव्या-तिडव्या रेघांचा गठ्ठा होऊन तिथे एक काळी पट्टी तयार झाली आहे. लांबून बघितलं तर म्हातारा झकास. हातभर अंतरावर आलात की डोळ्याच्या जागी नुसती खोबण.

माझ्या म्हणण्यावर विसंबू नका. मी हेच चित्र विकिमीडिया कॉमन्सवरून मोठ्या आकारात उतरवून घेतलं (पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर कुणाचा कॉपीराइट राहिलेला नाही) आणि राजारामपुरीतल्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडे जाऊन मॅट कागदावर छापून घेतलं. पोरगा हुशार होता, पण त्याचाही हात आधी ब्राइटनेसकडेच गेला.

"मॅडम, थोडं ब्राइट करू का? लईच डार्क आलंय."

"नको. आहे तसंच काढ."

"मग नंतर म्हणू नका हं."

म्हटलं नाही. दोन्ही प्रती बैठकीत सोफ्यावर टेकवून ठेवल्या आणि शेजारचे अण्णा चहाला आले तेव्हा मी काही न बोलता बघत बसले. अण्णा ऐंशीच्या पुढचे, तालमीत वाढलेले, चित्रातलं आपल्याला काही कळत नाही असं दर वेळी आधीच सांगून टाकणारे. ऑनलाइनवाल्या प्रतीकडे बोट करून म्हणाले, "ह्यो झोपलाय न्हवं?" मग दुसरीकडे वळले. चष्मा वर केला, खाली केला. "ह्यो न्हाई झोपला."

"कशावरून अण्णा?"

"झोपला असता तर जबडा सुटला असता. आन् हाताव वजन बघा की, धरलंय त्येनं डोसकं. ह्यो कायतरी आठवाय लागलाय."

मी आर्ट स्कूलला असताना पोर्ट्रेटच्या वर्गाला फेटेवाले म्हातारे मॉडेल म्हणून येऊन बसायचे. अर्धा तास झाला की त्यांची मान कलायची, तोंड उघडं पडायचं, आणि आमचे सर हळूच टेबलावर टिचकी मारायचे. त्यामुळे अण्णांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पेंगणारं डोकं हातावर सांडतं, गालाची कातडी वर ढकलली जाते. विचार करणारं डोकं हातावर टेकतं, पण मान त्याला सोडत नाही. ड्यूररने हे अचूक धरलं आहे. म्हणूनच तर चित्राखाली "चिंतन" असं काही लिहावं लागत नाही.

हात डोक्याला लावून बसणं ही त्या काळी ठरलेली खूणच होती म्हणा. उदासीचा, खोल विचारात बुडलेल्या माणसाचा तो साचा. ड्यूररच्याच १५१४ च्या 'मेलनकोलिया' या ताम्रपटचित्रात पंखांची ती बलदंड बाई तशीच बसली आहे, अवजारं आजूबाजूला विखुरलेली, आणि मागच्या भिंतीवर चार बाय चारचा जादूचा चौकोन, ज्याच्या तळओळीत मधोमध १५ आणि १४ हे आकडे शेजारी येऊन वर्ष सांगतात. साचा तयार होता, ड्यूररला तो पाठ होता. पण अँटवर्पच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत साचा मागे पडला आणि समोर बसलेला माणूस पुढे आला. रोजच्या जगण्यातला, टोपी घातलेला, आणि ड्यूररला ज्याच्या तब्येतीचं कौतुक लिहून ठेवावंसं वाटलं असा.

ते कौतुक विक्रेत्याने कापून टाकलंय! याला मी माफी देणार नाही. मूळ कागद साधारण ४१.५ बाय २८.२ सेंटिमीटर. ए-थ्री म्हणजे ४२ बाय २९.७. इतकं जवळचं माप क्वचित मिळतं. थोडी किनार सोडून छापलं असतं तर घरबसल्या जवळजवळ मूळ आकारात चित्र मिळालं असतं. पण किनार नको, कागद कडेपर्यंत भरायचा, म्हणून रुंदीला ताणलं. मग लांबी जास्त झाली. मग वरून कापलं. वर नेमकी ड्यूररच्या हातची ओळ. वेलांट्यांचे आणि अक्षरांच्या शेपट्यांचे तुकडे तेवढे वरच्या कडेला लोंबत राहिलेत. वर्ष गेलं, वय गेलं, अँटवर्प गेलं.

लिओनार्डोचं तर विचारूच नका. मूळ ३३.३ बाय २१.३ सेंटिमीटर, म्हणजे हे चित्र ए-थ्रीपेक्षा बरंच लहान आणि प्रमाणाने जास्त उभट. बाकी दोघांच्या रांगेत बसवायचं म्हणून त्याला मोठं केलं आणि दाढीचं टोक छाटलं. शेजारी लावलं की लिओनार्डोचं डोकं ड्यूररच्या आईच्या दीडपट. खरं तर ते चित्र हातात धरून बघायच्या मापाचं आहे. लाल खडू बारीक, रेघा बारीक. त्या तिरक्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे येतात, कारण लिओनार्डो डावखुरा. मोठं केल्यावर त्या रेघा जाड दोऱ्यांसारख्या दिसायला हव्या होत्या, तेही झालं नाही, कारण कुणीतरी त्या घासून गुळगुळीत केल्यात. मूळ कागदावर पाचशे वर्षांचे तांबूस डाग आहेत, ते पुसलेत. डागांबरोबर गालावरची कातडीही पुसली गेली. आणि लाल खडूचा विटकरी रंग चक्क नारिंगी आला आहे. शेंदूरच.

या चित्राच्या चेहऱ्यावरचा भाव मला नेहमीच कोड्यात टाकतो. भुवया दाट, पुढे आलेल्या, तोंडाचे कोपरे खाली ओढलेले, नजर आपल्याला चुकवून कुठेतरी बाजूला. कडवट आहे, थकलेला आहे, का नुसता बारकाईने बघतोय? १५१२ मध्ये लिओनार्डो साठीचा होता आणि चित्रातला माणूस त्याहून म्हातारा वाटतो, म्हणून हे त्याचं स्वतःचं चित्र आहे का यावर जाणकारांत वाद आहे. त्याचा शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याने काढलेलं गुरूचं एका बाजूचं चित्र इंग्लंडमध्ये विंडसरला आहे, त्यात मात्र लिओनार्डो शांत, देखणा, नीट विंचरलेल्या दाढीचा. दोन्ही बघून ज्याने त्याने ठरवावं. सार्डिनियाचा राजा कार्लो आल्बेर्तोने १८३९ मध्ये तुरीनचं चित्र विकत घेतलं तेव्हापासून ते तिथेच आहे आणि क्वचितच बाहेर काढतात. म्हणजे बहुतेकांना ते प्रतीतच भेटणार. आणि प्रत ही अशी!

आता ड्यूररची आई. गंमत म्हणजे संचातली सगळ्यात चांगली प्रत हीच. कारण साधं आहे: मूळ कागद सुमारे ४२ बाय ३० सेंटिमीटर, ए-थ्रीला जवळपास तंतोतंत, त्यामुळे कापाकापी नाही. आणि कोळशाच्या रेघा इतक्या दांडग्या की सॉफ्टवेअरचं फार काही चाललं नाही. जमीन जराशी जास्तच पिवळी आली आहे, पण ती चालवून घेता येते.

बार्बरा हिचं नाव. अठरा बाळंतपणं. त्यातली तीनच मुलं मोठी झाली: आल्ब्रेश्ट, एन्ड्रेस, हान्स. नवरा सोनार, तो १५०२ मध्ये गेला, आणि दोनेक वर्षांनी हातात काही उरलं नाही म्हणून थोरल्याने तिला आपल्या घरी आणलं. १५१४ च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतल्या एका रविवारी, त्याने हे चित्र काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं की ही आल्ब्रेश्ट ड्यूररची आई, वय त्रेसष्ट. मे महिन्यात ती वारली. मग त्याने तोच कागद पुन्हा काढला आणि शाईने खाली जोडलं की ती अमुक दिवशी गेली. कोळशातली ओळ आणि शाईतली ओळ, दोन वेगवेगळ्या दिवसांची, एकाच कागदावर. प्रतीत हा फरक दिसतो का हे मी आधी बघितलं. दिसतो. शाईची रेघ बारीक आणि गडद आहे, कोळशाची पसरट. या एका गोष्टीसाठी संचाला एक स्टार वाढवून देते.

चेहऱ्याबद्दल थोडं सावकाश लिहिते. डोक्यावर रुमाल घट्ट बसवलेला, त्याखाली कपाळावर आठ्यांचे थर. डोळे मोठे, बाहेर आलेले, आणि त्यांची नजर एकमेकांशी पुरती जुळत नाही. ओठ मिटलेले, आवळलेले. मग खाली मान, आणि मानेपाशी माणूस थबकतो. शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या ताणलेल्या, गळ्याच्या हाडापाशी खड्डे. आपल्या ओळखीच्या कुठल्याही म्हातारीची मान अशीच असते, पण कुणी ती चित्रात काढत नाही. मुलगा तर नाहीच काढत. माझ्या वर्गातल्या मुलांना आईचं चित्र काढायला सांगितलं तर ती आधी केस काळे करायची, मग हसू काढायची. ड्यूररने आईवर एवढीशीही मेहरबानी केलेली नाही, आणि त्यामुळेच तिच्या चेहऱ्यावरचा विचार खरा वाटतो. अँटवर्पचा म्हातारा काहीतरी आठवत असेल. ही आठवत नाही. हिची नजर पुढे कुठेतरी लागली आहे, आणि जे दिसतंय त्याला ती घाबरलेली नाही, पण आनंदीही नाही. सोसलेलं माणूस असतं तसं.

विचार कुठे दिसतो एवढंच धरलं तर ड्यूररच्या दोन्ही चित्रांतला फरक असा: म्हाताऱ्याचा विचार पापणीत आहे, आईचा मानेत. काही लोकांना हे खुळचट वाटेल. वाटू दे. चाळीस इंची टीव्हीवर मूळ चित्रांचे मोठे फोटो लावून बघा आणि एकदा मान हाताने झाकून आईकडे बघा, एकदा उघडी ठेवून.

कोल्हापूरच्या गोष्टी मध्ये आणायचा मोह मी आवरते आहे, पण एक सांगतेच. चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावात राहून आम्हाला हुबेहूब व्यक्तिचित्राचं कौतुक लहानपणापासून असतं, आणि त्यात म्हातारे-कोतारे आवडते, कारण सुरकुत्या काढल्या की हात चालतो हे दाखवता येतं. सुरकुती हे कसब दाखवायचं मैदान झालं की चेहरा हरवतो. ऑनलाइन प्रतींचं नेमकं हेच होतं. सॉफ्टवेअरला सुरकुती कळते, ती धारदार करता येते. पापणी कळत नाही.

कागदाबद्दल दोन शब्द. २३० जीएसएम सांगितलं होतं, हाताला तेवढा जाड लागतो. मॅट आहे ही चांगली गोष्ट. चकचकीत कागदावर कोळसा कधीही छापू नये, कोळशाचा जीवच त्याच्या कोरडेपणात आहे. पाठीवर शाई उतरलेली नाही. शाई किती वर्षं टिकते ते आज सांगता येणार नाही, तरी मी उन्हाच्या भिंतीवर लावणार नाही. मूळ चित्रंसुद्धा उजेडाला इतकी हळवी असतात की संग्रहालयं कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड देत नाहीत आणि बहुतेक वेळ ती बंद पेट्यांतच ठेवतात. अल्बर्टिनात तर राजवाड्याच्या जुन्या दालनांत ड्यूररच्या सशासारख्या गाजलेल्या चित्रांच्या प्रतीच टांगलेल्या असतात. म्हणजे प्रत लावण्यात कमीपणा काही नाही; संग्रहालयवालेही तेच करतात. पण त्यांची प्रत आणि आपली प्रत यात फरक आहे, आणि तो पैशापेक्षा डोळ्याचा जास्त आहे.

फ्रेमबद्दलही सांगून ठेवते. फ्रेमवाला तुम्हाला सोनेरी पट्टी सुचवेल. नको म्हणा. काळी किंवा साधी लाकडी बारीक पट्टी, भोवती मळकट पांढरा माउंट, आणि काच शक्यतो चकाकी नसलेली. गडद चित्राला साधी काच लावली तर त्यात म्हाताऱ्यापेक्षा आपलीच खिडकी जास्त दिसते. चकाकी नसलेल्या काचेचे पैसे जास्त पडतात, पण तिघांपैकी कुठे खर्च करायचा असेल तर तो अँटवर्पच्या म्हाताऱ्यावर करा.

मग घ्यावा का संच? संच म्हणून नाही. आईची प्रत सुटी मिळत असेल तर जरूर घ्या. बाकी दोन मोठ्या आकाराच्या फोटोवरून गावातच छापून घ्या. मला एका प्रतीला साडेतीनशे रुपये पडले. प्रिंटवाल्याला तीन गोष्टी बजावा: उजळ करायचं नाही, कडेपर्यंत ताणायचं नाही, शार्प करायचं नाही. लिओनार्डो मूळ मापातच काढा आणि भोवती भरपूर कोरी जागा सोडा. एवढं केलंत की अण्णांसारखा कुणीतरी समोर बसवून चाचणी घ्या.

विक्रेत्याला एक सूचना, वाचत असेल तर. लिओनार्डोच्या जागी यान व्हॅन आयकने साधारण १४३५ मध्ये काढलेला म्हातारा कार्डिनल आणा, ड्रेसडेनमधला. चांदीच्या तारेने काढलेलं चित्र, २१ बाय १८ सेंटिमीटरच्या आसपास, आणि कडेला चित्रकाराने स्वतःसाठी रंगांची टिपणं लिहून ठेवली आहेत: कातडी कशी, ओठ कसे, डोळे कसे. कार्डिनलच्या चेहऱ्यावर तर विचार असा काही भरून आहे की त्याच्यापुढे लिओनार्डोचा नारिंगी म्हातारा वैतागलेला वाटतो. चांदीच्या तारेने काढलेली रेघ खोडता येत नाही, म्हणून त्यात हयगय नसते. ड्यूररने १४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःला काढलं तेही असंच, चांदीच्या तारेने. आमच्याकडे एलिमेंटरीला बसणारी मुलं त्याच वयाची असतात. त्यांच्या हातातून खोडरबर सुटत नाही. ही दोन्ही चित्रं एका संचात आली तर मी पहिली गिऱ्हाईक. फक्त मूळ मापात.

लिओनार्डो मी परत पाठवला. परत घेताना काही कटकट केली नाही, उचलायला माणूस दारात आला. पैसे मात्र बँकेत न येता त्यांच्याच वॉलेटमध्ये जमा झाले, आणि त्यांच्या दुकानात आता जे शिल्लक दिसतंय त्यात म्हातारे संपलेत, बुद्ध आणि पळणारे घोडे आहेत. एकंदर अडीच स्टार. त्यातले दोन आईचे.